विहिरीच्या नऊ पायऱ्या

कोलशेत, आगरवाडी
चैत्र वद्य ४, शके १८१२

चिरंजीव महिपत मास्तरास,

तू मला विसरलास त्याबद्दल माझी तक्रार नाही. कल्याणात माणसाला पुष्कळ गोष्टी लक्षात ठेवाव्या लागत असतील. म्हणून आधी ओळख करून देते. मी ठमाबाई, तुझ्या बापाची आई. खाडीच्या काठी मिठागरं आहेत, त्यांच्या बांधाला लागून आपलं घर आहे. तुझं लग्न झालेलं आहे. बायकोचं नाव शेवंती, ती इथेच असते. एवढं आठवलं तर पुढचं वाच. नाही तर शाळेतल्या हुशार मुलाला वाचून दाखवायला सांग.

हे पत्र टपालवाला रघु लिहितो आहे. मी बोलते तेच लिहितो असं तो म्हणतो. मला कसं कळणार? मी दोनदा वाचून घेते. दोन्ही वेळा तेच निघालं तर खरं धरते.

तर बातमी अशी. मुंबईहून चार कॉलेजवाले आले आहेत. दोघे डॉक्टरकी शिकतात, दोघे बांधकाम. वरच्या आळीत मारुतीच्या देवळाशेजारी उतरलेत, सोबत त्यांचा आचारी. त्यांच्या मास्तरांनी म्हणे सांगितलं आहे, पुस्तकात शिकलात ते सुट्टीत एखाद्या गावाच्या उपयोगी पाडून दाखवा. आता तूच सांग बाबा, चैत्राच्या उन्हात कोणी उगाच कोणाच्या उपयोगी पडतं का?

आल्यापासून दोऱ्या सोडून विहिरी मोजतायत. वरच्या आळीची मोजली, आपलीही मोजली. नऊ पायऱ्या आहेत, हे मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पाणी बाटलीत भरून नेलं. स्वतः पितात ते मात्र दुहेरी धोतरातून गाळून, वर उकळून. मी त्यांच्यातल्या त्रिंबक नावाच्याला विचारलं, "आमच्या पाण्याने बाटाल म्हणून गाळता, की त्यात काही आहे म्हणून?" तर कानापर्यंत लाल झाला.

आणि आता घरोघर फिरून विचारतात, माणसं किती, पाय कोणाचा दुखतो, नारू कोणाला निघालाय. सगळं काळ्या वहीत जातं. नारू म्हटल्यावर मी सावध झाले. या वाडीतले नारू चाळीस वर्षं मी काढते. फोड फुटला की आतल्या दोऱ्यासारख्या किड्याचं तोंड काडीला धरायचं, रोज दोन बोटं गुंडाळायचं. ओढला तर तुटतो, आणि तुटला की पाय सडतो. हे काम मला कोणी वहीतून शिकवलं नाही. मग यांना कशाला हवी माझ्या दुखणेकऱ्यांची नावं?

शेवंतीला यंदाही निघाला आहे. सलग तिसरं वर्ष. या खेपेला गुडघ्याखाली, आणि गुडघा आता पुरता सरळ होत नाही. ऐन मिठाच्या हंगामात ती भिंतीला टेकून. रोज दुपारी मी तिला विहिरीच्या शेवटच्या पायरीवर नेऊन बसवते. पाय पाण्यात सोडला की ठणका उतरतो आणि नारूही तोंड बाहेर काढतो. पण पुढच्या वर्षी पुन्हा गुडघ्यात आला तर तो पाय आखडलेलाच राहील, हे मला पाय बघूनच कळतं. तिला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

या वहीवाल्यांना काय सांगायचं ते लवकर कळव.

ठमाबाई

---

कल्याण
चैत्र वद्य ९, शके १८१२

तीर्थरूप आजीस महिपतचा साष्टांग नमस्कार.

पत्र पावले. वाचून काळजी वाटली. त्या मंडळींस काहीही सांगू नये. दोन वर्षांपूर्वी खाडीपलीकडे मापणीवाले आले होते ते आठवते का? त्यांनीही प्रथम विहिरी आणि माणसेच मोजली. नंतर म्हणाले, राबणारे हात इतके थोडे, तर इतके आगर तुम्हांस झेपणार नाही. पुढल्या हंगामात ते आगर दुसऱ्याकडे गेले. लंगड्या माणसांची यादी घेऊन कॉलेजातल्या मुलांना काय करायचे आहे? यादी ज्याला हवी आहे तो मुंबईत बसला असेल.

तेव्हा वाडीत नारू कोणासही नाही असेच सर्वांनी सांगावे. एकाने जरी उलट सांगितले तरी घात होईल.

मला इतक्यात येता येत नाही. शाळा तपासायला साहेब येणार आहेत. घरच्या मंडळींची प्रकृती कळवीत जावी.

आपला,
महिपत

---

कोलशेत
चैत्र वद्य १४, शके १८१२

महिपत मास्तरास,

तुझं पत्र रघुने ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचलं. त्यामुळे ते माझ्या एकटीला आलं नाही, सगळ्या वाडीला आलं. "घरच्या मंडळींची प्रकृती" वाचल्यावर बायका माना खाली घालून हसल्या. घरची मंडळी म्हणजे कोण ते सगळ्यांना कळलं, एक तुलाच लिहिता येत नाही.

पण हुकूम पाळला हो तुझा. यंदा अकरा जण नारूने पडले आहेत. चौघांना धाकूने त्याच्या मिठाच्या होडीत घालून खाडीत नेलं, मासे धरायला म्हणून. सखुबाईला मिठाच्या गोण्यांमागे बसवलं. ती म्हणाली, "मला शिंक येते." म्हटलं, "गिळ." काळुरामला दारात उभा केला आणि बजावलं, उभा राहा, पण पाऊल उचलू नकोस.

त्रिंबक त्याला म्हणतो, "काका, जरा चार पावलं चालून दाखवता?"

"का? बैल घ्यायला आलात?" काळुराम म्हणाला. तो आपला खरोखर बैलासारखाच उभा, घाम गळतोय, पण हलला नाही.

शेवंतीला मी सुकट निवडायला बसवलं होतं आणि पायांवर गोणपाट टाकलं होतं. त्याने विचारलं, "या बाईंचे पाय बरे आहेत ना?" म्हटलं, "दोन आहेत. लग्नात मोजून घेतले."

मग तो माझ्यापाशी बसला. म्हणाला, "आजीबाई, वरच्या आळीत पाच जणांना नारू आहे. इथे एकालाही नाही, हे कसं?"

म्हटलं, "आम्ही मिठात राबणारी माणसं. मीठ लावलेल्या माशाला किडा लागलेला कधी बघितलास?"

आणि महिपत, त्या शहाण्याने ते वहीत लिहून घेतलं! मी पुढे बोलत गेले तशी त्याची लेखणीही पुढे पळाली. वाडीतली माणसं नंतर हसून लोळली. शेवंती हसली नाही. गोणपाटाखाली तिने एवढा वेळ गुडघा दुमडून धरला होता, उठवताना दोघींना धरावी लागली.

काल कळलं ते असं. वर्गणी काढून त्यांनी दगड आणि चुना आणायचं ठरवलंय, पण एकाच विहिरीपुरता. त्या विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या, भोवती कठडा बांधायचा, वर रहाट बसवायचा, म्हणजे पाण्यात पाय घालायला कोणी उतरणार नाही. वरच्या आळीची विहीर ठरली आहे, कारण नारू तिथे आहे आणि आपल्याकडे नाही. बरं झालं. आपल्या विहिरीला कोणाचा हात नको.

साहेब आले का तुझे?

ठमाबाई

---

कोलशेत
वैशाख शुद्ध ८, शके १८१२

महिपतास,

तुझं उत्तर नाही. का नाही ते मला काल कळलं.

अक्षर वेगळं दिसेल. रघु तापाने पडलाय. हे अक्षर त्या वहीवाल्या त्रिंबकाचं आहे. त्याला बजावलं आहे, मी बोलेन ते सगळं लिहायचं, तुझ्याबद्दलचंही. त्याचं नाक लांब आहे आणि तो ओटा चढताना दर वेळी डोकं आपटून घेतो. लिहिलंस? बरं.

काल तो मला नारूच्या काडीबद्दल विचारायला आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की पूर्वी, फार पूर्वी, ही म्हातारी नारू काढायची. तो बसला असतानाच धाकू कल्याणच्या बंदरात मीठ उतरवून परत आला आणि दारातूनच ओरडला, "ठमाआजी, महिपतच्या घोट्याला नारू निघालाय! खाटेवर पडलाय, पंधरा दिवस झाले! कोणाला सांगू नको म्हणाला."

म्हटलं, "मग सांगायला इतका उशीर का केलास?"

"भरती नव्हती."

साहेब येणार आहेत म्हणे शाळा तपासायला! असो. तुझा समाचार नंतर घेते.

मी त्रिंबकाकडे बघितलं. वाटलं, आता वही उघडणार. पण त्याने ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमचा नातू याआधी इथे कधी आला होता?"

"मागच्या वैशाखात. चुलत बहिणीच्या लग्नाला."

"किती दिवस राहिला? पाणी कुठलं प्यायला?"

"आठ दिवस. आपल्या घरचं पाणी प्यायला, दुसऱ्याच्या घरी कशाला जाईल?"

बोटांवर महिने मोजून तो म्हणाला, हा किडा पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षाने पायातून निघतो. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. वर्षापूर्वी प्यायलेल्या पाण्याचा किडा आज कसा निघेल? तो वाद घालत बसला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्हीच आठवून बघा."

हे मात्र त्याने करायला नको होतं. मला सगळं आठवतं. तुझ्या लग्नाला शेवंतीच्या माहेरची माणसं डोंबिवलीहून आली, चार दिवस राहिली, आणि पुढच्या वैशाखात त्यांच्यातले चौघे अंथरुणाला. तिची आई म्हणाली होती, तुमच्या घरची दृष्ट लागली. मी तिच्याशी केवढी भांडले! भिवंडीचा जावई बारशाला आला, त्यालाही वर्षाने. आलेल्या प्रत्येकाला मी हात धरून बसवलं आणि भरलेला तांब्या पुढे केला.

मग त्याने विचारलं, "दुखणेकरी पाय कुठे धुतात?"

म्हटलं, विहिरीच्या शेवटच्या पायरीवर. मीच बसवते. चाळीस वर्षं मीच बसवते. बायका घागरी तिथेच बुडवतात.

त्याने उठून ओट्यावरून विहिरीकडे बघितलं. बोलला असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

शेवंतीचा पाय त्याला दाखवला. त्याने गुडघा हळूच दाबून बघितला आणि मी बघून जे म्हटलं होतं तेच म्हणाला. पुन्हा तिथे आला तर आखडेल. शेवंती ऐकत होती. तिला आधी सांगायला हवं होतं, आता वाटतं.

तर मी खरं सांगितलं. पण नावं सांगितली नाहीत, घाबरू नकोस. ओट्यावर चिंचोके मांडले, आपल्या घरापासून खाडीपर्यंत जशी घरं आहेत तसे. ज्या घरात नारू आहे तिथे दोन ठेवले. त्याने वहीत नुसते ठिपके काढले. वीस वर्षं मागे गेलो आम्ही. मग वरच्या आळीतले पाच मांडले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ते पाचही जण हंगामात आपल्याच आगरात राबायला येतात. तहान लागली की आपल्याच पायऱ्या उतरतात.

वरच्या विहिरीवर दगड येऊन पडलेत. परवा पायऱ्या फोडायला घेणार. पाऊस यायच्या आत ही पोरं परत जाणार. आता मला वर जाऊन बोलावं लागेल.

पाय पाण्यात धरू नकोस. कोणाच्याही विहिरीत नाही.

ठमाबाई

(मास्तरसाहेब, डोकं दर वेळी आपटत नाही, दोनदाच आपटलं. बाकी सर्व आजीबाईंनी सांगितलं तसंच आहे. त्रिंबक)

---

कल्याण
वैशाख शुद्ध १३, शके १८१२

तीर्थरूप आजीस नमस्कार.

पत्र पावले, पण ते तुझे आहे असे मी कसे समजावे? परक्याच्या हाताने लिहिलेले, त्यात आपली चूक कबूल केलेली. माझ्या आठवणीत तू चूक कबूल केलेली नाहीस. ती मंडळी तुझ्या नावाने वाडीला काही पटवू पाहत असतील तर? ठिपके म्हणजेही यादीच आहे. घरे जागची हलत नाहीत.

म्हणून एक विचारतो. लहानपणी मी आगराच्या पाण्यात पडलो होतो. मला बाहेर काढल्यावर तू पहिले वाक्य काय बोललीस ते रघुकडून लिहून पाठव. ते बरोबर आले तरच बाकीचे खरे मानीन.

पायाचे खरे आहे. मुलांना आरोग्याचा धडा शिकवायचा आणि आपण गावठी रोगाने पडायचे, याची लाज वाटली म्हणून लपवले. काडीला वीतभर गुंडाळला गेला आहे. शेजारी म्हणतात, तुमच्या गावची माती वाईट. मागच्या वैशाखानंतर मी घरचे पाणी प्यायलोच नाही, हे मात्र रोज मनात येते.

घरी सांभाळून राहावे. पाय सरळ ठेवून निजावे, असे सांगावे.

महिपत

---

कोलशेत
ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८१२

संशयी मास्तरास,

तुला पाण्यातून ओढून काढल्यावर मी म्हणाले, "मीठ किती सांडलंस रे?" झाली परीक्षा? तू संशय घेतलास त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझाच नातू आहेस. रघु बरा झाल्यावर मीही त्रिंबकाच्या वहीतली त्या पत्राची नक्कल त्याच्याकडून वाचून घेतली. त्रिंबकाने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. मी पुटपुटले होते तेसुद्धा लिहून ठेवलं.

मी वरच्या आळीत गेले. देवळासमोर सगळे जमले होते, दगडांचा ढीग मध्ये. म्हणाले, दगड आमच्या विहिरीसाठी आलेत, आगरवाडीला का द्यायचे? तुमच्याकडे नारूच नाही ना, मीठ लावलेली माणसं तुम्ही! तेव्हा चार माणसांत सांगावं लागलं की मी खोटं बोलले, आणि सगळ्यांना बोलायला लावलं. सत्तरी गाठेपर्यंत असं करायची वेळ आली नव्हती. नंतर मोकळं वगैरे काही वाटलं नाही. उन्हाने डोकं दुखलं.

त्यांच्या पाच जणांची गोष्ट सांगितली. पाचांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग त्यांच्यातलाच एक पहिला दगड उचलून आपल्याकडे निघाला.

इकडे काळुराम आडवा. म्हणे पायऱ्या बुजवल्या तर विहिरीतल्या साती आसरा कोपतील, त्यांनी वर कुठून यायचं? म्हटलं, त्या पाण्यातल्या देवता, त्यांना पायऱ्या लागतात होय? गुडघे तुझे दुखतात, त्यांचे नाही. तरी कठड्यात एक कोनाडा ठेवायला लावला, नारळ ठेवायला. बांधकाम शिकणाऱ्यांच्या वहीत कोनाडा नव्हता. आता आहे.

पोरं राबली, हे नाकबूल करून चालणार नाही. चिखलाच्या पाट्या कशा उचलायच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं, शेवटी आपल्या बायकांनी डोक्यावर चुंबळ ठेवून दाखवली. हातांना फोड आले. रहाटाच्या दोरीने बायकांच्याही हातांना येतात, त्या रोज माझं नाव घेऊन पाणी शेंदतात, आणि ते नाव चांगलं घेत नाहीत.

जाताना त्रिंबक म्हणाला, "आजीबाई, जे आधीच पोटात गेलंय ते पुढच्या वर्षी निघणारच. त्यावरून काही ठरवू नका. त्यापुढचं वर्ष बघा." मी मनात म्हटलं, छान. काम आज केलं आणि खरं-खोटं दोन वर्षांनी, तोवर हे कुठल्या कुठे. मी अजून कोणाला काही कबूल केलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

शेवंतीचा नारू सबंध निघाला. गुडघा तसाच अर्धा.

ठमाबाई

---

कोलशेत
वैशाख शुद्ध ४, शके १८१३

महिपतास,

वर्ष झालं आणि नारू निघाले. सात जण पडले. त्यात शेवंती आहे. देवाची कृपा एवढीच की या खेपेला टाचेला आला, गुडघा वाचला.

वाडी पेटली आहे. काळुराम काल पहार घेऊन विहिरीवर आला. मागे दहाबारा माणसं. "कठडा बांधून काय मिळालं? नारू आहे तिथेच, हात सोलले ते वर!" मी जाऊन कठड्यावर बसले. तो म्हणाला, "आजी, उतर." म्हटलं, "पायऱ्या नाहीत, कशी उतरू?" बसून राहिले ऊन कलेपर्यंत.

मला त्या पोरांचं पटलंय म्हणून बसले असं समजू नकोस. गावासमोर खोटारडी ठरून घेतलं आहे मी. आता कठडाही पडला तर ते उगाचच केलं असं होईल. पण घरी आल्यावर शेवंतीने विचारलं, "पुढच्या वर्षी परत आला तर?" मी तिच्या टाचेवरची काडी गुंडाळायला घेतली. तिला दर वर्षी घे घे म्हणून तांब्या मीच देत आले आहे.

काळुराम म्हणतो, पौर्णिमेला पाडणार. तुझा पाय यंदा कसा आहे? लपवू नकोस. साहेबांचं नाव काढू नकोस.

ठमाबाई

---

कल्याण
वैशाख शुद्ध ८, शके १८१३

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र रघुने विहिरीवर उभे राहून, काळुरामकाका असतील तेव्हाच वाचावे.

मंडळी, मी महिपत. मागच्या साली मीच तुम्हांस खोटे बोलायला लिहिले होते. आजीने ते आपल्या अंगावर घेतले. सांगणारा मी होतो. कॉलेजातली मुले कोणाची माणसे आहेत, हे मी येथे वर्षभर चौकशी करून शोधले. आगर कोणाचेही गेलेले नाही हे तुम्ही पाहताच आहात. माझा संशय फुकट गेला.

आता पायाचे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात मी आठ दिवस घरी होतो, त्याचा नारू गेल्या वर्षी निघाला. गेल्या वैशाखात पायामुळे मला येता आले नाही. आपल्या विहिरीचा एक थेंब माझ्या पोटात गेला नाही. यंदा माझा पाय स्वच्छ आहे. तुम्ही सात जण गेल्या वर्षी, कठडा होण्याआधी, तेच पाणी प्यायला होता. याहून अधिक मला सांगता येत नाही. एक वर्ष थांबा. पुढल्या वैशाखात नारू निघाला तर पहार मी स्वतः धरीन.

याच्या पुढचे रघुने मोठ्याने वाचू नये.

शेवंतीचा पाय कसा आहे? तिला टाचेवर भार देऊ देऊ नकोस. मी रविवारी येतो आहे. पाणी रहाटाचेच पिईन.

महिपत

---

कोलशेत
वैशाख वद्य २, शके १८१४

महिपत मास्तरास,

शिमग्याला येऊन गेलास त्याला दोन महिने होत आले, म्हणजे पुन्हा ओळख सांगायची वेळ झाली. पण आज मला वेळ नाही.

हंगाम संपत आला. मी रोज घरोघर जाऊन पाय बघते. लोक दारातच पाय पुढे करतात, जणू मी जोगवा मागायला आले आहे. एकाच्याही पायाला फोड नाही. सखुबाईने घोटा दाखवला, तो डासाचा चावा निघाला. काळुराम म्हणतो आसरांना कोनाडा आवडला. म्हणू दे. पहार त्याने वरच्या आळीच्या विहिरीवर नेली आहे, तिथल्या पायऱ्या फोडायला. यंदा कॉलेजवाले तिथे आलेत, चौघे नवे.

त्रिंबक त्यांना पोचवायला आला होता. आता तो डॉक्टर झाला. म्हटलं, "खरं सांग, तुला कोणी पाठवलं होतं?" म्हणाला, "मास्तरांनी. आम्ही शिकवायला म्हणून आलो होतो." "मग?" "परीक्षेत नारूवर प्रश्न आला. मी तुमचे चिंचोके लिहिले." पास कसा केला कोण जाणे.

नव्या चौघांना त्याने माझ्यासमोर आणून बसवलं आणि सांगितलं, आधी यांना विचारा, मग वही उघडा. मी त्यांना दोन दिवस काही सांगितलं नाही. त्यांच्यातला एक फार गोड बोलतो. त्याच्यावर लक्ष आहे माझं.

शेवंतीचा गुडघा पुरता सरळ होणार नाही, थोडा राहिलाच. पण ती आगरात आहे, पहाटेपासून, सगळ्यांच्या बरोबरीने मीठ ओढते. चार वर्षांनी. काल बांधावरून मी तिला हाक मारली तर तिने हात हलवला आणि कामाला लागली. म्हातारीकडे बघायलाही सवड नाही. घरातलं सगळं माझ्यावर पडलं आहे, आणि जात्यावर बसायला आता दुसरं कोणी नाही.

तेव्हा कुळीथ पाठव, दोन पायली, आणि दळलेले पाठव.

ठमाबाई